नाताळातले तीन पुकारे

माझ्या बापाने माझ्या आईचा भलताच दात उपटला, तिथून त्यांची ओळख सुरू झाली.

आई, टोमाझिया, तेव्हा बावीस वर्षांची होती. ब्राझीलमधल्या बाहियात कार्मोच्या चढावर राहणाऱ्या दोना एउफ्राझिया नावाच्या विधवेची ती बटीक, त्याच घरात जन्मलेली. उजाडायच्या आत नारळाच्या दुधात मक्याची पेज शिजवायची, हंडा डोक्यावर घेऊन धक्क्यावर विकायला जायचं आणि ठरलेली रक्कम बाईंच्या हातावर ठेवायची. वर उरेल ते तिचं. धक्क्यावरचे हमाल म्हणायचे, टोमाझियाची पेज गोड आणि तिच्या शिव्या त्याहून गोड.

बाप लोरेन्सो न्हावी. आमच्या काळ्या लोकांच्या रोझरी मातेच्या मंडळाने त्याला गुलामीतून सोडवून घेतलं होतं. दाढ्या करणं, दात काढणं, जळवा लावणं हे त्याचं पोट. आणि सणाला चर्चच्या दारात न्हाव्यांच्या ताफ्यात शिंग वाजवणं ही त्याची खरी हौस.

"हा नव्हे मेल्या, शेजारचा," दात हातात आल्यावर आई म्हणाली.

"मग आधी सांगायचं."

"तुझी मूठ माझ्या तोंडात असताना कशी सांगू?"

शेजारचा दात त्याने फुकट काढून दिला. दुसऱ्या दिवसापासून तो रोज पेज प्यायला धक्क्यावर येऊ लागला. आई त्याला हंड्याच्या तळाची करपलेली वाढायची आणि तो चाटूनपुसून प्यायचा. असं तीन आठवडे चाललं. मग एका गावच्या जत्रेत वाजवायला गेला म्हणून चार दिवस फिरकला नाही, तर आईने हमालांना विचारलं, "तो शिंगवाला मेला का काय?" हमाल एकमेकांकडे बघून हसले. तिला स्वतःला कळायच्या आधी साऱ्या धक्क्याला कळलं होतं.

बापाने दोना एउफ्राझियाकडे लग्नाचं विचारलं. त्या सरळ नाही म्हणाल्या. "लग्न झालेली बटीक निम्मी दुसऱ्याची होते." आणि नाताळाच्या पाच दिवस आधी, आई त्यांची वेणी घालत असताना, त्या सहज बोलाव्या तसं बोलल्या, "जानेवारीतला तीन राजांचा सण झाला की तू आल्वारोच्या घाण्यावर जायचंस. माणसं कमी पडतात म्हणतो."

आल्वारो हा त्यांचा भाचा. खाडीपलीकडे त्याचा उसाचा घाणा होता. तिथे गेलेली माणसं परत यायची ती एखादा हात गमावून, आणि पुष्कळशी यायचीच नाहीत. आई मला सांगायची, "मी वेणी पुरी घातली. बाईंना वाटलं, मुकाट्याने जाईल."

दुपारी ती मंडळाच्या कारभारणीकडे, झेफेरिना मावशीकडे गेली. मावशीला लिहिता येत नव्हतं, पण चर्चचे नियम तोंडपाठ होते.

"रडू नकोस, ऐक," मावशी म्हणाली. "गुलामाला लग्न करायचं असेल तर मालकाला अडवता येत नाही. लग्न लागलं की नवऱ्यापासून तोडून लांब पाठवता येत नाही. चर्चचाच नियम आहे."

"पण तीन रविवार चर्चमध्ये लग्नाचा पुकारा व्हायला हवा ना? तोवर मी घाण्यावर असेन."

"रविवार किंवा सण. नाताळ, दुसऱ्या दिवशी संत स्तेफान, तिसऱ्या दिवशी संत योहान. झाले की तीन."

पाद्री तरुण होता आणि मावशीला वचकून असायचा. तो कबूल झाला. नाताळाच्या दिवशी पहिला पुकारा झाला तेव्हा दोना एउफ्राझिया सर्दीने घरी होत्या. दुसऱ्या दिवशी आल्या, पण त्यांना कमी ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी शेजारच्या बाईला विचारलं, "कुणाचं नाव घेतलं त्याने? टोमाझिया? कुणाची टोमाझिया?"

"तुमचीच, बाई."

त्या ताडकन उठल्या. पाद्र्याने विचारलं, "आपली काही हरकत?"

"ती माझी आहे."

"ते ठाऊक आहे. तिचा आधीचा नवरा आहे? दोघांत रक्ताचं नातं आहे?"

"नाही. पण ती माझी आहे."

"मग हरकत नाही," पाद्री म्हणाला. तेवढ्यात दारातल्या न्हाव्यांनी वाजवायला सुरुवात केली. मिस्सेची उपासना अजून संपायची होती, आणि पहिला सूर माझ्या बापाच्या शिंगाचा होता.

दुसऱ्या सकाळी लग्न लागलं. आल्वारो होडी घेऊन आला, चर्चचा कागद दोनदा वाचून मावशीला खूप बोलला आणि रिकाम्या होडीने परत गेला. दोना एउफ्राझिया महिनाभर आईशी बोलल्या नाहीत. तो महिना फार सुखाचा गेला, असं आई म्हणायची.

लग्न झालं तरी बटीक ती बटीकच. शनिवारी संध्याकाळी बापाकडे यायचं आणि सोमवारी उजाडायच्या आत हंड्याशी परतायचं. बटकीच्या पोटचं मूल मालकिणीचं, म्हणून मीही दोना एउफ्राझियांचीच जन्मले. पण बाप्तिस्म्याच्या वेळी झेफेरिना मावशीने भरल्या चर्चमध्ये माझी किंमत कुंडाच्या काठावर ठेवली. एवढ्या लोकांसमोर बाईंना नाही म्हणता आलं नाही. मी अठरा दिवसांची असताना मुक्त झाले. आई मुक्त झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मधल्या काळात मी हट्ट केला की ती बापाला म्हणायची, "जपून हो, स्वतंत्र बाईसाहेब रुसल्यात." बाप हसायचा. मीही हसायचे. त्यातलं दुखणं मला फार उशिरा कळलं.

तिच्या सुटकेची किंमत बाईंनी दोनदा वाढवली. दोन्ही वेळा आई घरी येऊन मका दळत बसली. अखेर मुक्तीचा कागद हातात आला तेव्हा बापाने तो तीनदा मोठ्याने वाचला. आई म्हणाली, "पुरे. शेजाऱ्यांना पाठ होईल."

त्या सोमवारी तिने आमच्या चुलीवर पेज शिजवली, पण धक्क्यावर गेली नाही. हंडा घेऊन थेट कार्मोच्या चढावर बाईंच्या खिडकीखाली बसली. मी बरोबर होते. खिडकीतून दोना एउफ्राझियांचा आवाज आला, "टोमाझिया, एक वाडगा वर दे."

"खाली यावं लागेल, बाई. गिऱ्हाइकं खोळंबलीत."

खिडकी बंद झाली. मला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळाने त्या काठी टेकत आल्या आणि दोन हमालांच्या मागे उभ्या राहिल्या. त्यांचा नंबर आला तेव्हा आईने वाडगा काठोकाठ भरला आणि दुसरा हात पुढे केला. बाईंनी कनवटीची पुरचुंडी सोडून तांब्याचं नाणं त्यावर ठेवलं.

"पातळ झालीये आज," त्या म्हणाल्या.

"उद्या दाट करते," आई म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.