काळ्या घेवड्याची बाटली

"स्टिल हिअर?"

रोज सकाळी कुंपणावर दोन्ही कोपर टेकून शेजारचा म्हातारा एवढंच विचारायचा. म्हणजे, अजून इथंच? मी म्हणायचो, "स्टिल हिअर." मग दोघेही आपापल्या वाफ्यात वाकायचो.

दोन हजार तीन साली मी ओक्लाहोमात मुलाकडे राहायला आलो. शिक्षण चौथी. इंग्रजी कुंपणापुरतं. तोही फार बोलणारा नव्हता. तुम्ही पाहिले असतील असे शेजारी, ज्यांच्याशी भाषा कमी लागते.

तो चेरोकी, अमेरिकेतल्या आदिवासी जमातीचा. या मातीतला मूळचा माणूस, असं मी समजत होतो. एका रविवारी मुलाला दुभाष्या म्हणून मध्ये घेऊन तसं म्हणालो, तर म्हातारा हसला. "मूळचा? इथं आम्हाला हाकलत आणलं."

पूर्वेच्या डोंगरांत त्यांची घरं होती, शेतं होती. शिपाई बंदुका घेऊन आले. चुलीवरचं उतरवूसुद्धा दिलं नाही. कडाक्याच्या थंडीत शेकडो मैल चालवलं. जे मेले ते वाटेतच पुरले. त्याच्या आजीच्या आजीनं झग्याच्या शिवणीत काळ्या घेवड्याचे दाणे दडवून आणले. तोच घेवडा तो दरवर्षी लावायचा.

मला राहवलं नाही. माझंही गाव धरणात गेलंय. मी म्हणालो, "आम्हाला सरकारनं निदान कागद तरी दिला."

"कागद आमचाही होता," तो म्हणाला. "सह्या भलत्यांच्याच होत्या."

"बाबा, पुरे आता," मुलगा म्हणाला. पण आम्ही दोघे म्हातारे हसत सुटलो.

पुढच्या साली रस्ता रुंद करायचं निघालं. त्याच्या अंगणात खुंट्या ठोकल्या. शेंगा कोवळ्या असतानाच वाफ्यावरून यंत्र फिरलं. लेक त्याला आपल्याकडे नेणार होती. दूरचं शहर, तिसरा मजला. जायच्या चार दिवस आधी त्यानं कुंपणावरून जॅमची बाटली माझ्या हातात दिली. गेल्या सालच्या काळ्याभोर दाण्यांनी गच्च भरलेली. हात छातीला लावला आणि वळला.

आमच्यात शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. सूनबाईनं सगळे दाणे भिजवले, गूळ, गोडा मसाला घालून झकास उसळ केली. मावेल तेवढी त्याच्याच बाटलीत भरून, डोक्यावर टोपी घालून, मी ऐटीत घेऊन गेलो.

त्यानं झाकण उघडलं. बराच वेळ आत पाहिलं.

"ऑल?"

"ऑल!" मी म्हणालो. छाती फुगवून.

तो पायरीवर बसला. बोटांनी खाल्ली, सगळी. मग बाटली विसळून खिडकीत पालथी घातली. "गुड," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी मुलगा कपाळाला हात लावून बसला. "बाबा, अहो ते बियाणं होतं! त्याची जमीन गेली म्हणून तुमच्याकडे दिलं. तुम्ही शिजवून नेलंत?"

"मला शेती शिकवू नकोस," मी ओरडलो. जन्म गेला माझा बी निवडण्यात. कळायला नको होतं मला?

ओट्याखाली गुडघे टेकून शोधलं. निवडताना उडालेले तीन दाणे मिळाले. ते नेऊन दाखवायचे, माफी मागायची, बस. पण मी आजवर कुणाची माफी मागितलेली नाही. उद्या बघू म्हणालो. दुसऱ्या दिवशीही तेच.

लेकीची गाडी आली त्या सकाळी तो कुंपणाशी आला. कोपर टेकले. मी पडद्याआड उभा होतो.

"स्टिल हिअर?"

मी उत्तर दिलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

त्याच्या घरावरून आता गाड्या धावतात. तीन दाणे माझ्या चुन्याच्या डबीत आहेत. चार पेरण्या गेल्या. लावले आणि उगवले नाहीत, तर? नाही लावले तरी मरणारच, हे मला कुणी सांगायला नको.

सकाळी कुंपणाशी जातो. डबी उघडतो, बघतो, बंद करतो. वाफा तयारच असतो.