आखणीच्या तोंडावर दुसरी सुई

परळच्या आमच्या कारखान्यात गिऱ्हाईक येतं ते डोळ्यांसाठी. गणपतीच्या मूर्ती सगळेच करतात. आमच्याकडे डोळ्यांची आखणी माझ्या बायकोच्या हातची असते. कारखाना मी शून्यातून उभा केला, मातीवाल्यापासून मंडळाच्या अध्यक्षापर्यंत सगळ्यांशी भांडून. पण मंडळं परत येतात ती तिच्या ब्रशमुळे. म्हणून यंदा सीझनच्या आधी तिचा उजवा खांदा आखडला तेव्हा माझी झोप उडाली.

दादरच्या डॉक्टरीणबाईंनी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. म्हणाल्या, ‘‘यांना डायबेटिस आहे. काही दिवस साखर वाढेल, घरी रोज तपासा. दुखायचं थांबलं म्हणून हात लगेच कामाला जुंपू नका. खांदा लाल झाला, सुजला, ताप आला तर ताबडतोब या.’’

हात सुटला. श्रावण लागला आणि दुखणं परत आलं. आम्ही पुन्हा दादरला.

‘‘अजून एक द्या,’’ मी म्हटलं.

‘‘तीन महिन्यांच्या आत नाही.’’

‘‘दीडवर मिटवा.’’

‘‘काका, वरचेवर दिलं तर स्नायू हाडाला बांधणारी दोरी कमकुवत होते. तुटूही शकते. व्यायाम करू दे त्यांना.’’

‘‘मग अर्धं द्या!’’

बाई हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, ‘‘डॉक्टरांशीपण भाव करता? कमाल आहे तुमची.’’

नागपंचमीला ती घोडपदेवला माहेरी गेली. आली ती हात डोक्यावर नेत. ‘‘बघा, गेला हात वर!’’ मी खूश. मग ती तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागली, बसल्या जागी पेंगू लागली. साखर तपासली तर आकडा असा, की मशीन बिघडलं असं वाटून मी माझं बोट टोचून पाहिलं. मशीन ठीक होतं.

‘‘माहेरी काय खाल्लंस?’’

‘‘दोन पातोळ्या.’’

‘‘दोन पातोळ्यांनी एवढी चढते?’’

‘‘आईच्या शेजारच्या डॉक्टरांकडून इंजेक्शन घेतलं.’’

‘‘आधीचं सांगितलंस त्यांना?’’

‘‘सांगितलं असतं तर दिलं असतं का?’’

तिला दादरला नेलं. काही दिवस इन्सुलिन, हाताला विश्रांती. बाई म्हणाल्या, ‘‘दुखत नाही म्हणजे खांदा बरा झाला असं नाही. आता जपायचं.’’

तिथून मी थेट घोडपदेवच्या त्या डॉक्टरांचा दवाखाना गाठला. ‘‘तुम्ही विचारलं नाहीत, आधी कुठलं इंजेक्शन घेतलंय? साखर आहे का?’’

‘‘त्यांनी सांगितलं नाही.’’

‘‘जुनी मूर्ती रंगवायला आली तर खाली कुठला रंग आहे हे विचारल्याशिवाय मी ब्रश लावत नाही. तुम्ही माणसात सुई घालता!’’

‘‘ओरडू नका, पेशंट बसलेत.’’

तो राग अजून उतरलेला नाही. उतरावा असं वाटतही नाही.

मंडळाची मोठी मूर्ती आखणीसाठी तयार झाली तेव्हा ही ब्रश घेऊन परांचीपाशी उभी. ‘‘दुखत नाही हो आता.’’

‘‘म्हणूनच नाही चढायचं.’’ मी शिडी काढून घेतली.

‘‘दुसऱ्याच्या हातचे डोळे घेऊन पुढच्या वर्षी येतील ते?’’

मी शिडी आत नेऊन ठेवली. मंडळाचा कार्यकर्ता आला, तोही तेच म्हणाला, ‘‘शेठ, वहिनींचा हात नाही तर ती मूर्ती आमची कशी?’’

‘‘मग नेऊ नका.’’

गिऱ्हाइकाला असं मी कधी बोललो नव्हतो.

डोळे लालबागच्या एका कारागिराने काढले. ही खाली उभी राहून सांगत होती, ‘‘डावं बुबुळ जरा आत घे रे.’’ मंडळाने मूर्ती नेली, पण कुणी नेहमीसारखं ‘पुढच्या वर्षीही तुमच्याकडेच’ म्हटलं नाही.

आता साखर ताब्यात आहे. हात कानापर्यंत जातो, वर नाही. दोरीला इजा झालीय की खांदा पुन्हा आखडलाय, ते तपासण्यांनंतर कळेल. माझ्याशी ती कामापुरतंच बोलते. सकाळी कारखान्याच्या भिंतीवर बोटं चालवत हात वर नेते आणि जिथे थांबेल तिथे खडूने रेघ मारते. आज बोटं कालच्या रेघेपर्यंत पोचली नाहीत. तिने खाली रेघ मारली, खडू ठेवला आणि माझ्याकडे न बघता चहा टाकायला गेली.