अण्णाचे सातशे अठ्ठावीस

अण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वडगावच्या शाळेत सातवीला त्रैराशिक शिकवत होते. फळ्यावरचं उदाहरण तसंच सोडून लोणावळ्याची गाडी धरली. आता महिना उलटून गेला… अण्णा माझा थोरला भाऊ. बाजारात आमचं चिक्कीचं दुकान. आमच्या वडिलांचा, आप्पांचा, पाय अधू झाला आणि इंटरच्या वर्षाला अण्णा कॉलेज सोडून गल्ल्यावर बसला. येताना त्याने सोबत आणलं ते तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा फ्रेंच न्यायाधीशाचं एक विधान. दोन पूर्ण संख्यांच्या वर्गांची बेरीज तिसरीचा वर्ग होऊ शकते. नऊ आणि सोळा, पंचवीस. पण घनांचं, किंवा त्यावरच्या कुठल्याही घाताचं, असं कधीच जमत नाही. हे कुणालाच सिद्ध करता आलेलं नव्हतं. अण्णाला ते पाडायचं होतं. जमणारं एक उदाहरण सापडलं की पुरे.

"आप्पा, सहाचा घन आणि आठचा घन मिळून सातशे अठ्ठावीस. नऊचा सातशे एकोणतीस. एकाने हुकलं!"

"मग एक दाणा जास्त घाल आणि बांध पुडा," आप्पा म्हणाले. "कुठलं गिऱ्हाईक मोजतंय?"

भट्टीवरून बबनभाऊ ओरडायचे, "अण्णा, तुमचा घन ऱ्हाऊ द्या, हितं पाक लागला!"

अशी वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात लॉगच्या कोष्टकांवरून त्याला बाराव्या घाताचं एक उदाहरण सापडलं. कोष्टकात जेवढे आकडे होते तेवढे सगळे जुळले. त्या दिवशी त्याने बबनभाऊंना पेढे आणायला पाठवलं. चिक्कीवाल्याने पेढे वाटले म्हणून बाजार हसला. हवापालटाला आलेले गणिताचे एक प्राध्यापक आमचे गिऱ्हाईक होते. अण्णाने कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, लगेच काढला.

"डावीकडे एक सम, एक विषम. बेरीज विषम. उजवीकडे सम. पुढचे आकडे कोष्टकात नाहीत, म्हणून जुळल्यासारखं वाटलं."

अण्णाचा चेहरा मला बघवेना. प्राध्यापक मात्र कागदच न्याहाळत होते. "एवढी चिकाटी मी पाहिली नाही. पुण्याला या. पदवीचं मी बघतो."

"तिथं हे पाडायला शिकवतात?"

"पाडायला नाही. समजून घ्यायला."

अण्णाने त्यांना पाव किलो चिक्की बांधून दिली आणि तो गेला नाही. दुकान तेव्हा माझे यजमान सांभाळायला तयार होते, आप्पांचीही ना नव्हती. फार वर्षांनी मी विचारलं, "का रे गेला नाहीस?"

"हे कधीच पडत नाही, असं तिथं कळलं असतं तर?" तो म्हणाला. "मग सकाळी उठून काय करायचं, कुसुम?"

आजही मला हळहळ वाटते. त्या डोक्याला शिकवणारं कुणी हवं होतं.

परवा दुकानात गेले. अण्णा पुड्यांच्या कागदांवरच आकडेमोड करायचा. त्याची चळत अजून फळीवर आहे. चांगला कागद वाया का घालवायचा म्हणून भाचा त्यातच चिक्की बांधतो. मला पाहून तो ओशाळला. "आत्या, थांबवू का?"

मुंबईची एक बाई पुडा घेऊन उभी होती. तिने तो उलटा करून सहज दोन ओळी वाचल्या आणि पिशवीत टाकला.

"नको," मी म्हटलं. "जाऊ दे लोकांच्या घरी."