हलगी वाजली की मामा जेवायचे

माझ्या सासऱ्यांनी तेव्हा जेवण सोडलं होतं. रागानं नव्हे, उपासानंही नव्हे. जेवायचं असतं हेच त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. घास तोंडाशी नेला की दात घट्ट मिटायचे, आणि मी हट्ट धरला की माझं मनगट धरून हात बाजूला सारायचे. पकड मात्र अजून पैलवानाची!

आणीबाणी उठली त्या सुमाराची ही गोष्ट. सासऱ्यांना मी मामा म्हणायची, नवरा आबा म्हणायचा. मामा कोल्हापुरातल्या एका तालमीचे वस्ताद, जन्मभर पोरांना कुस्ती शिकवलेले. म्हातारपणी त्यांची आधी नावं गेली, मग रस्ते गेले, मग पोटचा मुलगाही ओळखेना. माझा नवरा गिरणीतून दमून यायचा आणि हे त्याला विचारायचे, "पावणं, कुठल्या गावचं?" नवरा मोरीत जाऊन तोंड धूत बसायचा. डॉक्टरांनी सरळच सांगितलं, "मेंदू झिजलाय, त्याला औषध नाही. पण पोटात अन्न गेलं नाही तर पावसाळा काढायचे नाहीत." आमची पाचावर धारण बसली.

म्हाताऱ्या माणसाला देवाचं गाणं ऐकवा, असं गल्लीचं मत पडलं. मग सकाळी रेडिओवर भक्तिगीतं लावली. मामांनी रेडिओवर टॉवेल टाकला. शेजारचं भजनी मंडळ आलं, टाळ कुटून कुटून घामाघूम झालं. मामा बसल्या जागीच पाठ फिरवून बसले. मी तोंडाची फाटकी, मंडळाला म्हटलं, "बास करा आता, त्यांना देवाची न्हाय, तुमचीच कटकट व्हायलीया!" मंडळ आठ दिवस माझ्याशी बोललं नाही.

आणि एका सकाळी गल्लीत हलगी आली. आमच्याकडं कुस्त्यांचं मैदान ठरलं की हलगी वाजवत गल्लोगल्ली सांगत फिरतात. मी भाकरी थापत होते. कडाडकड, कडाडकड, हलगी दारावर आली आणि आतल्या खोलीतून फाडकन आवाज झाला. मला वाटलं, मामा पडले! पिठाच्या हातानं धावले. तर मामा उभे! दोन महिने धरून उठवावा लागणारा माणूस पाय फाकवून उभा, आणि मांडीवर शड्डू ठोकतोय! डोळ्यात अशी चमक की मला ओरडावंसं वाटलं. ओरडलेच की! पदर सावरायचं भान नाही, तशीच रस्त्यावर पळाले आणि हलगीवाल्या काकांचा हात धरला, "थांबू नका, वाजवा, आत येऊन वाजवा!"

काकांची हयात मामांच्या तालमीच्या कुस्त्यांत हलगी वाजवण्यात गेलेली. दारात पाऊल टाकल्याबरोबर मामा त्यांच्याकडं बघून म्हणाले, "उशीर केलास." मुलाला न ओळखणारा माणूस! काकांच्या डोळ्याला धार लागली, पण हलगी थांबली नाही.

आता गड सर केलाच असं मला वाटलं. रोज तिसऱ्या प्रहरी, नवरा पाळीवरून यायच्या वेळेला, काकांनी यायचं ठरलं. मी ताट वाढून तयार. हलगी वाजली, मामा उठले, शड्डू ठोकला, आणि ताट पायानं लांब सारलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी घास घेऊन मागंच लागले, तेव्हा मामा कडाडले, "अगं ए! कुस्तीआधी कोण जेवतंय व्हय?"

हात्तिच्या! पैलवानाच्या घरात नांदते मी, आणि एवढं कळू नये? हलगी म्हणजे कुस्तीचं बोलावणं. भरल्या पोटानं कोण लढेल? आधी कुस्ती, मग खुराक. मी नवऱ्याला म्हटलं, "काढा सदरा आणि उतरा परसात." तो म्हणाला, "मी? मला कुठं कुस्ती येती?" मी म्हटलं, "यायला कशाला पायजे? पडायचंच हाय की!"

परसात पोती अंथरली. बापलेकांनी हातात हात देऊन सलामी दिली. मामांनी त्याची मान धरली, पाय घातला, आणि नवरा पोत्यावर उताणा! काकांनी हलगीवर शेवटचा ठोका दिला. मामा घाम पुसत पाटावर बसले आणि म्हणाले, "आण गं खुराक." भाकरी, डाळ, वर पेलाभर दूध. मी चुलीपाशी जाऊन रडून घेतलं आणि परत आणखी भाकरी घेऊन आले.

मग रोज कुस्ती, रोज नवरा चीत. मामांच्या अंगाला मांस धरलं. पडल्या पडल्या नवरा हसायचा. म्हणायचा, "आबांनी मला आजपातूर एवढ्यांदा हात लावला नव्हता."

पावसाळ्याच्या तोंडाला नवरा आजऱ्याला मयतीला गेला आणि तिकडंच अडकला. पहिला दिवस मामांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. हलगीवर उठायचे, जोडीदार शोधायचे आणि मिळेना म्हणून परत बसायचे. दुसऱ्या दिवशी उठताना त्यांचे पाय लटपटले. गल्लीतले बाप्ये कामावर. काका हलगी सोडून लढणार कसे? मी डोक्यावरचा पदर काढला, कमरेला खोचला, काष्टा घातला.

"वैनी, बरं दिसंल का हे? सासरं हायत," काका म्हणाले.

"दिसू दे कसं दिसायचं ते! तुम्ही वाजवा."

ज्या माणसापुढं मी कधी उघड्या डोक्यानं उभी राहिले नव्हते, त्याच्यापुढं पोत्यावर जाऊन हात पुढं केला. काळीज हलगीच्या वर वाजत होतं. बाईमाणूस म्हणून हाकललं तर? मामांनी माझा हात हातात घेतला. पालथा केला, सुलटा केला, मनगट दाबून बघितलं.

"कुठल्या तालमीचा गडी?"

"तुमच्याच, वस्ताद."

ते हसले! "मग पाय असा आखडून का उभा हाईस? रोव मागं. हां. आता ये."

मी गेले. त्यांनी मानेवर हात टाकला, अलगद वळवलं, आणि आभाळ दिसलं. काकांनी शेवटचा ठोका मारला. मामांनीच मला हाताला धरून उठवलं, पाठीवरची धूळ झटकली आणि धापा टाकत पाटावर बसले. मी ताट आणलं. त्यांनी भाकरी मोडली, डाळीत बुडवली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, तर घास माझ्यापुढं आला.

"खा."

"तुम्ही जेवा की वस्ताद. मी मागनं."

या घरात आल्यापासून मी मागनंच जेवत होते. सगळ्यांचं झाल्यावर, चुलीपाशी, उरलेलं.

"न्हाय," मामा म्हणाले. "पडलेल्या गड्यानं आधी खायाचं. त्याचं अंग जास्त मोडलेलं असतंय."

माझ्या तोंडात घास गेला, मी तो चावून गिळेपर्यंत ते बघत राहिले, आणि मग त्यांनी दुसरा घास स्वतः खाल्ला.