पाण्याचे फोटो

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "कुठं? कारवारला?" माझा थोरला भाऊ भालकीत, स्वतःच्या पाइप-मोटारीच्या दुकानात, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता गेला होता... आणि मला मेलीला कारवार सुचत होतं!

दर हिवाळ्यात अण्णा कॅमेरा गळ्यात अडकवून कारवारला जायचा. एकटाच. समुद्रात डॉल्फिन बघायला म्हणे. आमचं घर लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यामुळं गल्लीत लगेच सुरू, "मासे बघायला जायलाय का खायला?" वैनीला तेवढंच असतं तर चाललं असतं. तिचा संशय बाईचा होता. तो परतला की ती पिशवीतला एकेक सदरा नाकाला लावायची. मीपण काही साधी नव्हे. "कॉलर नीट बघ," म्हणायचे.

आता फोटोच तसले! ढीगभर फोटो, आणि सगळ्यांत नुसतं पाणी. कुठं फेस, कुठं आभाळाची कड. "हितंच होता बघ, आत्ता खाली गेला," अण्णा बोट ठेवून सांगायचा. बोलताना चेहरा असा खुलायचा, की मला ते खुलणंच खटकायचं. एकदा वैनी म्हणाली, "मलाबी न्या की." तर म्हणे, "नावेत उलट्या होतेत तुला." झालं! तिनं पुन्हा विचारलंच नाही.

माती होऊन काही आठवडे गेले. वैनी म्हणाली, "सुमन, मला खरं कळाया पायजे. खोटं बोलून गेले असतील तर ह्यांच्या फोटोला हार तरी कामून घालू मी?" गेलो दोघी कारवारला.

अण्णाचा कॅमेरा वैनीच्या गळ्यात. मोबाइलवरचा अण्णाचा फोटो दाखवून तिनं नाववाल्याला कन्नडात विचारलं, हे यायचे का, संगं कोण असायचं? "एकटेच," तो म्हणाला. "शिकवून ठेवलं असंल," वैनी माझ्या कानात पुटपुटली. नाव समुद्रात आत गेल्यावर तिला उलट्या मात्र झाल्या.

मग... अगदी नावेला लागून काळीभोर पाठ वर आली. ओली, चकचकीत. श्वास सोडल्याचा आवाज ऐकला मी! "वैनी, बटण दाब, दाब की!" मी ओरडले. वैनीनं कॅमेरा सोडूनच दिला होता. दारात कुणी मोठं माणूस आलं की आमच्यात हात आपोआप जुळून 'शरणार्थी' असा नमस्कार निघतो, तसे तिचे दोन्ही हात जुळले होते. "शरणार्थी," ती त्या जनावराला म्हणाली. मग भानावर येऊन घाईघाईनं बटण दाबलं, तोवर ते गेलं होतं.

आम्ही कॅमेऱ्यात बघितलं. पाणी. जरासा फेस.

वैनी बघतच राहिली. "ह्यांचेबी हात आधी असेच जुळत असतील गं..." एवढंच बोलली, आणि अण्णाच्या मातीला जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तिनं भर समुद्रात हंबरडा फोडला.

नाव किनाऱ्याला लागली तरी ती उतरेना. नाववाल्याला म्हणाली, "आणखी एकदा फिरवा. ह्यांनी काय बघितलं ते मला नीट बघू द्या."