बांधलेल्या पोथ्या

त्या काळात अमरावतीत कोणी कोणाकडे गेलं, की कापसाचा भाव विचारून झाल्यावर दुसरा प्रश्न ठरलेला असायचा, "तुमच्याकडं सध्या कोनती पोथी लागली?" पोथी लागायची, म्हणजे वाचणारा पाटावर बसायचा, घरचे आणि शेजारचे समोर बसायचे, आणि ती संपेपर्यंत दुसरी उघडायची नाही. ज्याच्या घरी नवी पोथी लागलेली असे तो मिशीवरून हात फिरवत सांगायचा. ज्याच्या घरी काहीच लागलेलं नसे तो गुपचूप पुन्हा कापसाच्या भावावर यायचा.

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, हल्ली सारखे भावावरच येत होते.

पैसा नव्हता असं नाही. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा देशात लढाई जुंपली होती, तिथला कापूस अडकला होता, आणि त्यामुळे आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. दर्यापूरच्या वाटेवर आमचं शेत. आगगाडी जिथवर पोचली होती तिथवर आमच्या गाड्या सरकी काढलेली रुई घेऊन जायच्या, आणि येताना मीठ, कापड आणि मुंबईच्या शिळाछापाच्या पोथ्या घेऊन यायच्या. माझा नवरा निघाला, की मामाजी त्याला बजावत, "कापड ईसरला त चालन, पोथी ईसरू नोको."

पोथी आली की सासूबाई तिला हळदकुंकू लावायच्या. मामाजी ती तांबड्या फडक्यात बांधून देवघराशेजारच्या फळीवर ठेवायचे. फळी भरली, मग खाली चौरंग मांडला, मग चौरंगही भरला. पैपाहुण्यांना तो ढीग दाखवताना मामाजींची छाती फुगायची. पण वाचायला कोणी नव्हतं. मामाजींना अक्षरओळख नव्हती. पूर्वी एक पुराणिकबुवा घरी येऊन वाचायचे. कापसानं त्यांनाही पळवलं. एका आडत्यानं त्यांना हिशेब लिहायला ठेवलं, आणि देवाच्या कथेपेक्षा रुईच्या वजनात जास्त दक्षिणा मिळते हे त्यांना कळून चुकलं. माझ्या नवऱ्याला मोडी येत होती, बाजारातल्या चिठ्ठ्या तो घडाघडा वाचायचा. पण पोथीचं बालबोध अक्षर समोर आलं, की दगड लागलेल्या नांगरासारखा जागीच अडायचा. आणि तसाही तो घरी असायचा किती?

पण आणखी एक गोष्ट होती, ती घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं. मामाजींचे कान जात चालले होते.

मामाजी देवळात पोथी ऐकायला जात. तिथं वाचणारे बुवा सोवळ्यात, त्यांच्याजवळ सरकायची सोय नाही. मामाजी आपले खांबाशी बसायचे. मी बायकांतून पाहायचे. सगळे हसले, की क्षणभरानं मामाजी हसायचे. कोणी डोळ्याला उपरणं लावलं, की इकडं तिकडं पाहून तेही लावायचे. घरी आल्यावर सासूबाईंना विचारायचे, "काय झालं वो आज कथेत?"

"काय व्हते? देव जिंकला."

"आन् थो राजा?"

"थो हारला."

एवढ्यात आटपायचं. सासूबाईंना कधी कथेचं वेड नव्हतंच, त्या देवळात जायच्या त्या पाय मोकळे करायला. मामाजी मग ढिगापाशी जाऊन बसायचे. वरच्या पोथीवर हात ठेवायचे. एकदा म्हणाले, "कान हायेत तवरिक ह्या समद्या ऐकनं होईन काय वो माह्याच्यानं?" सासूबाई म्हणाल्या, "आधी भाकर खाऊन घ्या." पण त्या दिवशी त्यांनी स्वतः ताट वाढलं नाही, मला वाढायला लावलं. त्यांना मामाजींकडे पाहवलं नसावं.

आणि मी दाराआड उभी राहून हे सगळं ऐकत होते, आणि मला अक्षर येत होतं.

माझं माहेर अकोल्याचं. भावाला पंतोजींच्या शाळेत घातलं होतं. तो घरी येऊन धूळपाटीवर अक्षरं काढायचा आणि कंटाळून खेळायला पळायचा. धुळीतली अक्षरं पुसायच्या आधी मी ती गिरवून घ्यायचे. अशी मी वाचायला शिकले, आणि लग्न ठरल्यावर आईनं बजावलं की हे सासरी कोणाला कळू द्यायचं नाही. बाई वाचायला लागली की नवऱ्याचं आयुष्य तुटतं, असं तेव्हा सगळे मानायचे. मीही भ्यायचे. पण ढिगाशेजारचं झाडताना माझा हात तिथंच रेंगाळायचा. उपाशी माणसाला भरल्या पंगतीत पाणी वाढायला लावावं, तसं मला व्हायचं. त्या फडक्यांच्या आत काय असेल, या विचारानं जीव तळमळायचा. आज इतक्या वर्षांनीही ती तळमळ मला तशीच्या तशी आठवते.

नव्या पोथ्या यायच्या त्या छापखान्यातल्या वाया गेलेल्या कागदात गुंडाळून. तो कागद चुलीपाशी यायचा. एक दिवस मी तो पेटवायच्या आधी वाचत बसले, आणि मागं सासूबाई उभ्या.

"ओठ काहून हालून राहिले तुहे?"

मी कागद चुलीत टाकला. पण त्यांनी ओळखलं होतं. दोन दिवस त्या माझ्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी आल्या, ढिगाची वरची पोथी माझ्या मांडीवर ठेवली, आणि म्हणाल्या, "एकच पोरगा हाये मले. त्याले काई झालं त तुले जितं सोडनार नाई." मग पोथीचं फडकं सोडत, "पन ह्या मानसाचं तोंडही पाहवत नाई मले. वाच."

मी न्हाऊन आले. आमच्याकडे सासऱ्यापुढं सून बोलत नसे, आणि डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला असे. म्हणून मी स्वयंपाकघराच्या दाराआड बसले आणि मामाजी बाहेर ओसरीवर. मी वाचायला लागले. मामाजींना एक शब्दही पोचेना. सासूबाई म्हणाल्या, "मोठ्यानं वाच." मी आवाज चढवला. "आनखी!" मी ओरडून वाचू लागले. तेवढ्यात शेजारीण धावत आली, पदर खोचलेला, म्हणाली, "काय झालं वो, सासऱ्यासंगं भांडून राहिली काय तुमची सून?"

तिला कसंबसं वाटेला लावलं. मग सासूबाईंनी मला ओसरीवर आणून मामाजींच्या समोरच बसवलं, हातभर अंतरावर. पदर खाली ओढून, पोथी पदराच्या आत धरून मी वाचत राहिले. घसा सुकला. मामाजी पुढं झुकून माझ्या पदराकडं टक लावून पाहत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सासूबाई बोलल्या की मामाजींना कळतं, नवरा बोलला की कळतं, कारण ते त्यांच्या तोंडाकडे पाहतात. माझं तोंड तेवढं त्यांना दिसत नव्हतं. हे मी त्यांना सांगणार कसं? मी गप्प झाले.

मामाजींनाही ते समजलं असावं. ते मान खाली घालून म्हणाले, "राहू दे बाई. नाई जमत. बांधून ठेव थे."

ते ऐकून मला रडू कोसळलं. पोथी भिजू नये म्हणून मी ती बाजूला धरली. तेवढ्यात सासूबाई उठल्या, माझ्या मागं आल्या, आणि त्यांनी दोन्ही हातांनी माझा पदर चेहऱ्यावरून मागं घेतला.

"आता वाच," म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

ऊन डोळ्यांवर आलं. सासरच्या ओसरीवर मी उघड्या तोंडानं पहिल्यांदाच बसले होते. मी डोळे वर केले नाहीत. एकेक शब्द सुटा करून, ओठ पुरते हलवत मी पहिलं पान वाचलं. ओरडले नाही. पान संपल्यावर भीतभीत मामाजींकडे वर पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

"समजलं काय, मामाजी?" मी विचारलं. त्यांच्याशी बोललेला तो माझा पहिला शब्द.

"इतके वर्सं तुह्या हातची भाकर खाल्ली," ते म्हणाले. "आन् बजारात समोरून आली असती, त मी तुले वयखलं नसतं पोरी."

मग उपरण्यानं डोळे पुसून जरा पुढं सरकले.

"पुन्ना पयल्यापासून वाच. मी कथा ऐकलीच नाई. मी तुलेच पाहून राहिलो होतो."