स्वेटरच्या लोकरीचे केस

आमच्या गॅलरीत काळ्या बाहुल्या वाळत असतात, म्हणून विश्रांतवाडीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्याविषयी बरंच बोललं जातं. तोंडावर कोणी विचारत नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा धीर केला. "काका, करणीचं वगैरे काही नाही ना हे?" मी म्हटलं, "आहे. पण तुमचा नंबर अजून लागलेला नाही." तेव्हापासून त्या लिफ्टमध्ये माझ्याबरोबर चढत नाहीत. बरं झालं, लिफ्ट लहान आहे.

खरं कारण माझी नात. मी शिंपी माणूस, शाळा चौथीपर्यंत, पुढे सगळा जन्म खडकी बाजारात लष्कराचे गणवेश शिवण्यात गेला. मुलीने लग्न केलं ते सुदानहून इथे शिकायला आलेल्या मुलाशी. लोकांनी विचारलं, तुम्ही कसं काय चालवून घेतलं? मी सांगायचो, माप घेतलं, बरोबर बसलं, तुम्हाला काय करायचंय? नातीचे केस बापावर गेले. बारीक, गच्च, स्प्रिंगसारखे. रविवारी सकाळी जावई तिला दोन गुडघ्यांमध्ये बसवायचा, बोटांना तेल लावायचा आणि दुपारपर्यंत तिच्या डोक्यावर वेण्यांची नक्षी उठवायचा. ती खिदळत असायची.

मग तो म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन येतो म्हणून त्याच्या देशात गेला आणि तिथे लढाई पेटली. आधी फोन यायचे, मग कधीतरी यायला लागले, आता लागतच नाहीत.

तो गेल्यापासून पोरीने केसांना कोणाला हात लावू दिला नाही. "बाबा आला की विंचरेल." कंगवा दिसला की पलंगाखाली. केसांच्या गाठी झाल्या, गाठींचा दाबलेल्या लोकरीसारखा नमदा झाला. शाळेतून निरोप आला की विंचरून पाठवा, नाहीतर कापून तरी टाका. मुलगी दवाखान्यात नर्स आहे, तिच्या अंगात त्राण उरत नाही. ती म्हणाली, "आबा, या रविवारी तिचे केस काढून आणते. रोजचं तिचं रडणं मला नाही सहन होत." नंतर पोर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "केस काढले तर बाबा मला ओळखणार नाही."

मी मुलीला म्हटलं, रविवारपर्यंत कात्रीचं नाव काढायचं नाही. काय करणार होतो ते मला तरी कुठे ठाऊक होतं.

बाहुल्या त्याआधीपासून जमवत होतो. जुन्या बाजारात परदेशातली मोडकी खेळणी पोत्यांनी येतात. त्यात हात घालून मी काळ्या तेवढ्या वेचायचो. पोरीला तिच्यासारखं कोणीतरी दिसावं, एवढाच हेतू. पण पोतं उपसता उपसता डोळा तयार झाला. पुष्कळशा बाहुल्या नुसत्या रंगवलेल्या असतात. साचा गोऱ्या बाहुलीचाच, नाक धारदार, ओठ पातळ, केस सरळ, फक्त प्लास्टिकमध्ये तपकिरी रंग ओतलेला. शेजारी शेजारी ठेवल्या की चोरी कळते. क्वचित एखादी निघते जिचा चेहरा तिचा स्वतःचा असतो. रुंद नाक, भरलेले ओठ, उंच कपाळ. अशी मिळाली की मी ती पिशवीत तळाशी ठेवायचो, कोणी परत मागेल अशा भीतीने.

एक सैनिकही मिळाला होता. काळा, कोपर-गुडघे वळणारा. त्याच्या गणवेशाची बाही इतकी वाईट बसवली होती की माझ्या हाताखालच्या कारागिराने तशी शिवली असती तर मी त्याला घरी पाठवला असता. ती उसवायला घेतली तर पोर म्हणाली, "आबा, बाबा सैनिक नाही." मग सगळाच गणवेश काढला आणि जावई ईदला घालायचा तसा पायघोळ पांढरा झगा शिवला. बंदूक मुठीला चिकटलेली होती, ती करवतीच्या पात्याने कापली. मूठ तेवढी वळलेली राहिली. पोर त्याला उशाशी घेऊन झोपते.

त्या आठवड्यात मी स्वतःचा चेहरा असलेली एक बाहुली काढली. तिच्या डोक्यावरचे सरळ केस उपटून टाकले. आता काय लावू म्हणून बसलो होतो तर पोर कपाटातून बापाचा काळा स्वेटर घेऊन आली. "उसव." स्वेटर उसवला की लोकर सरळ होत नाही, विणीचे वळसे तिच्यात राहतात. ते पोरीला माझ्याआधी दिसलं होतं. मी गोधडीच्या सुईने एकेक धागा डोक्यात ओवला. बोटांना टोचत होतं, पण ओवला. पोर म्हणाली, "आधी हिच्या वेण्या घाल. दुखलं नाही तर मग माझ्या."

माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं. वेण्या घालून झाल्या, लोकर धुतली, आणि बाहुली गॅलरीत दोरीला पायाला बांधून उलटी टांगली. आणलेली प्रत्येक बाहुली मी धुऊन अशीच वाळवतो. केस, वेण्या मोकळ्या लोंबल्या तर आपल्या वळणावर वाळतात. मी दळण आणायला गेलो.

परत आलो तर पोर शाळेतून आलेली, दप्तर पाठीवर तसंच, गॅलरीत उभी. समोर नव्या बिल्डिंगचं काम चालू आहे. तिथल्या परांचीच्या बांबूला ती बाहुली लटकत होती. उलटी, गळ्यात लिंबू-मिरच्या, बिब्बा, तोंडाला कुंकू फासलेलं.

पोर म्हणाली, "आबा, ती माझ्यासारखी दिसते म्हणून टांगली?"

मी दळणाचा डबा तिथेच खाली ठेवला.

बायको स्वयंपाकघरातून आली. "अहो, तो समोरचा मुकादम आला होता. काल त्यांचा माणूस वरून पडला, पाय मोडला बिचाऱ्याचा. उद्या अमावास्या. म्हणाला, आजोबा दृष्टीच्या बाहुल्या करतात ना, रोज उलट्या टांगलेल्या दिसतात, एक द्या. दिली मी."

"अगं, पण हीच?"

"मला काय कळतं कुठली कोणाची? सगळ्या काळ्याच."

हे ती पोरीच्या समोर बोलली, आणि बोलल्यावर तिचं तिलाच कळलं. ती खाली बसली.

मी छत्री काठीसारखी धरून समोर गेलो. मुकादम विदर्भातला, वयाने माझ्या मुलासारखा. म्हणाला, "आजोबा, टांगलेली बाहुली काढत नसतात जी. काढली तर उद्या एक माणूस वर चढणार नाही."

"ती दृष्टीची नाही. माझ्या नातीची आहे."

"उलटी टांगली होती ना तुम्हीच?"

"वाळत घातली होती."

"बाहुली वाळत घालते का कोणी?" तो हसला नाही. घाबरलेला होता. पडलेला माणूस त्याचा सख्खा मेहुणा. "काढणाऱ्यावर येतं सगळं, आजोबा."

"येऊ दे. माझ्यावर नवीन काय यायचं राहिलंय?"

मी विटांच्या थप्पीवर चढलो. गुडघा वाकेना, पण मागून सगळे बघत होते म्हणून चढलो. दोरा तोडला आणि बाहुली सदऱ्यात घातली. खाली उतरलो तर मजूर लांब सरकून उभे. त्यांची भीती खोटी नव्हती. माणूस खरंच पडला होता. मी सिमेंटच्या गोणीवर बसलो, छत्रीचं काळं कापड फाडलं, टोपीत खोचलेली, दोरा ओवलेली सुई काढली, आणि त्यांच्यासमोर एक बाहुली शिवली. पांढऱ्या दोऱ्याचे वटारलेले डोळे, कुणाच्या तरी लाल फडक्याची लांब जीभ. मुकादमाच्या हातात दिली. "ही घे. हिला बघून दृष्ट पळेल. माझीला बघून थांबली असती, ती देखणी आहे."

घरी येऊन बाहुली उजेडात धरली. वर स्लॅब घालत होते, त्याचं सिमेंटचं पाणी लोकरीवर ठिबकून एका बाजूचे केस चिकटून त्यांचा घट्ट गोळा झाला होता. वेण्या कुठे आहेत ते कळेना. मी कात्री उचलली.

"नको," पोर म्हणाली. "बाबाचं आहे."

कात्री ठेवली. वाटीत तेल घेतलं. टोकाचा एक धागा धरला, वर बोटांत आवळला, म्हणजे ओढ मुळाला लागत नाही, आणि खालून सोडवायला लागलो. जावई असंच करायचा. मी कित्येक रविवार बघत बसलो होतो, पेपर समोर धरून. काही धागे तुटले, काहींत सिमेंट असं बसलं होतं की कापावेच लागले. ते पोरीने गोळा करून मुठीत ठेवले. निम्मं डोकं सुटलं, आणि मला वाटलं आता डोळ्यांसमोर अंधारी येईल.

पोर उठली. मला वाटलं कंटाळली. ती उशाचा पांढऱ्या झग्यातला सैनिक घेऊन आली. त्याच्या वळलेल्या मुठीत तिने बाहुलीचा इवलासा कंगवा खुपसला. तो बरोबर बसला. त्याला समोर भिंतीला टेकवून उभा केला, आणि माझ्या दोन गुडघ्यांमध्ये पाठ करून बसली.

"टोकाकडून," ती म्हणाली. "आणि दुखलं की थांबायचं."

सारखं दुखत होतं. सारखा थांबत होतो. रविवारी सकाळी मुलगी ड्युटीवरून आली तेव्हा डाव्या कानामागचा तळहाताएवढा भाग मोकळा होऊन चार वेण्या पडल्या होत्या, बाकी डोकं होतं तसंच नमदा. मुलगी दारातच चप्पल न काढता उभी राहिली. म्हणाली, "आबा, असं तर दिवाळी येईल."

"येऊ दे," मी म्हटलं.

मुलीने फोन काढून तो नंबर पुन्हा लावला. रोज लावते. आम्ही तिघंही ऐकत राहिलो. लागला नाही. मग तिने हात धुतले, वाटीत बोटं बुडवली आणि पोरीच्या उजव्या कानाशी बसली. पोर आकसली, पण पलंगाखाली गेली नाही.